रेस्क्यू डायव्हर झालात, पुढे काय शिकायचं? कोल्हापूरच्या नदी, खणी आणि बंधाऱ्यांसाठी प्रशिक्षणाचा क्रम

स्कुबा डायव्हिंगमध्ये सोबत्याला वाचवायला शिकवणारा रेस्क्यू डायव्हरचा कोर्स झाला, कार्ड हातात आलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: आता कोणता कोर्स? डाइव्ह सेंटरवर विचारलंत तर बहुतेक वेळा डाइव्हमास्टर किंवा डीप डायव्हिंग हे उत्तर मिळेल. पर्यटकांना घेऊन समुद्रात उतरायचं असेल तर ते बरोबरच आहे. पण पंचगंगेत, भोगावतीत, एखाद्या खणीत किंवा बंधाऱ्याखाली बुडालेल्या माणसाला शोधायला जाणाऱ्या स्वयंसेवकाने त्या वाटेने जाऊ नये.

रेस्क्यू डायव्हरच्या कोर्समध्ये तुम्ही नेमकं काय शिकलात ते आठवा. थकलेल्या किंवा घाबरलेल्या सोबत्याला किनाऱ्यावर आणणं, बेशुद्ध डायव्हरला वर काढून पाण्यावरच श्वास देणं, हरवलेल्या डायव्हरचा शोध. हे सगळं बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात, जोडीदाराबरोबर आणि प्रशिक्षकाच्या नजरेखाली झालं. कमरेला दोरी लावून एकट्याने काळ्या पाण्यात हाताने चाचपडणं त्यात नव्हतं. नदीची धार नव्हती, तळाशी जाळी नव्हती, काठावर रडणारे नातेवाईक आणि पंचनाम्याला थांबलेले पोलीस नव्हते. ही उणीव भरून काढणारं प्रशिक्षण आधी घ्या. त्यासाठी दोन गोष्टी बघाव्या लागतात: तुम्ही कोणत्या पाण्यात उतरणार आहात, आणि तुमच्या पथकात कोणत्या कामाला माणूस कमी आहे.

१. आधी आपल्या भागातलं पाणी लिहून काढा

कोर्स शोधण्याआधी एक वही घ्या आणि आपल्या तालुक्यातली बुडण्याची ठिकाणं प्रकारानुसार मांडा. कोल्हापूर परिसरात साधारण पाच प्रकार निघतात.

पहिला, नदी आणि तिच्यावरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. स्वयंसेवकाला सर्वांत जास्त धोका इथे आहे. दगडी खांब, मध्ये गाळे, गाळ्यांत बरगे (पाणी अडवणाऱ्या, काढता येणाऱ्या फळ्या) ही रचना तुम्ही लहानपणापासून बघत आलात, पण बचावाच्या नजरेने तिच्याकडे पुन्हा बघा. पावसाळ्यात बरगे काढलेले असताना पाणी गाळ्यांतून जोरात जातं. वाहून आलेली झाडं, जलपर्णी, दोर खांबांना अडकतात. त्यातून पाणी आरपार जातं, माणूस मात्र अडकून राहतो. बरगे बसवलेले असताना आणि पाणी वरून सांडत असताना धोका खालच्या अंगाला असतो. पडणारं पाणी तळाशी जाऊन पुन्हा बंधाऱ्याकडे परत फिरतं आणि तरंगणाऱ्या वस्तूला, बोटीला, माणसाला तिथेच घोळवत ठेवतं. वरून बघताना हे पाणी फारसं भीतीदायक दिसत नाही, म्हणून फसगत होते.

दुसरा प्रकार खणींचा. शहरातली इराणी खण गणपती विसर्जनामुळे सगळ्यांना माहीत आहे. खणीच्या कडा उभ्या असतात, त्यामुळे बाहेर यायला पाय टेकत नाही. तळाशी मूर्तींचे सांगाडे, तारा, दोऱ्या असतात. तिसरा, रंकाळा आणि कळंब्यासारखे तलाव: धार नाही, पण गाळ आणि पाणवनस्पती असल्यामुळे पाय हलवला की दिसणं बंद. चौथा, विहिरी. इथे पाण्याइतकाच हवेचा धोका असतो. पंपाचं इंजिन चालवलेल्या किंवा बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो आणि विषारी वायू साठलेला असू शकतो. एकाला काढायला दुसरा आणि दुसऱ्याला काढायला तिसरा उतरून सगळेच जाण्याचे प्रकार त्यामुळेच घडतात. विहिरीचं काम अग्निशमन दलाचं. वायू मोजणारं यंत्र, हार्नेस आणि तिकाटणं आल्याशिवाय कोणी उतरायचं नाही.

पाचवा, महापूर. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. अशा वेळी पाण्याखाली उतरण्याचं काम जवळजवळ नसतंच. काम असतं बोटीचं, दोरीचं आणि माणसं हलवण्याचं.

ही यादी झाली की एक गोष्ट आपोआप लक्षात येते. आपल्याकडे अडचण बहुधा खोलीची नसते. धार, अंधार, अडकणं आणि घाण या चार अडचणी असतात, आणि डीप डायव्हिंगच्या कोर्समध्ये या चारांपैकी एकीचंही उत्तर मिळत नाही.

२. पथकाशिवाय कोर्स निवडू नका

एकटा प्रशिक्षित डायव्हर काहीच करू शकत नाही. दिसत नसलेल्या पाण्यात उतरायचं तर किमान पाच माणसं लागतात: उतरणारा डायव्हर, त्याची दोरी धरणारा, राखीव डायव्हर, त्याची दोरी धरणारा आणि सगळ्यावर नजर ठेवणारा पथकप्रमुख. राखीव डायव्हर म्हणजे सिलिंडर पाठीवर घेऊन, फिन्स चढवून बसलेला, फक्त मास्क आणि रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं साधन) लावायचा बाकी असलेला माणूस. 'गरज पडली तर तोही पोहतो' या हिशेबात चालत नाही. पाच जमले नाहीत तर पाण्याखाली कोणी जायचं नाही. काठावरून शोध, बोट आणि गळ एवढंच.

म्हणून आधी पथकात जा. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे 'आपदा मित्र' योजनेच्या पुढच्या तुकडीची चौकशी करा. हे १२ दिवसांचं प्रशिक्षण आहे. त्यातून डायव्हर तयार होत नाही, पण सरकारी यंत्रणा कशी चालते, आदेश कोणाचा, निरोप कुठे द्यायचा हे कळतं आणि तुमचं नाव अधिकृत यादीत येतं. महापालिकेचं अग्निशमन दल आणि व्हाईट आर्मीसारखी स्थानिक पथकं हेही मार्ग आहेत. मोठ्या पुरात एनडीआरएफच्या तुकड्या येतात. पुण्याजवळ सुदुंबरे इथे त्यांची पाचवी बटालियन आहे. त्यांच्याबरोबरच्या रंगीत तालमीत भाग घेता आला तर सोडू नका.

पथकप्रमुखाला थेट विचारा: 'आपल्याकडे काय कमी आहे?' बहुतेक ठिकाणी उत्तर मिळेल: दोरी धरणारे कमी, बोट चालवणारे कमी. तीच तुमच्या पुढच्या प्रशिक्षणाची दिशा.

सापळा: मोबाइलवर व्हिडिओ बघून थेट घटनास्थळी पोहोचणं. बोलावणं ११२, १०७७ (जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष) किंवा पथकाच्या मार्फतच आलं पाहिजे. आपणहून आलेला डायव्हर म्हणजे पथकासाठी सांभाळायचा आणखी एक माणूस.

३. पहिलं प्रशिक्षण: श्वास देणं आणि ऑक्सिजन

रेस्क्यू डायव्हरच्या आधी तुम्ही प्रथमोपचाराचा कोर्स केलेला असतो. तो दोन वर्षांपूर्वीचा असेल तर पुन्हा करा, आणि या वेळी बुडालेल्या माणसावर भर देणारा निवडा. हृदयविकाराच्या झटक्यासाठी शिकवतात ते 'फक्त छाती दाबा' इथे अपुरं आहे. बुडालेल्या माणसाचं हृदय प्राणवायू न मिळाल्याने थांबलेलं असतं, म्हणून आधी श्वास द्यायचा असतो. काही पद्धतींत सुरुवातीला २, काहींत ५ श्वास शिकवतात. त्यानंतर ३० दाब आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, मोठ्या माणसाच्या छातीवर ५ ते ६ सेंटिमीटर खोल. तोंडातून फेस येत राहिला तरी तो पुसत बसायचं नाही, श्वास देत राहायचं.

घाटावर अजूनही माणसाला पालथं घालून पोट दाबतात, खांद्यावर टाकून गरगर फिरवतात. त्यामुळे पोटातलं पाणी आणि अन्न वर येऊन श्वासनलिकेत जातं, आणि श्वास द्यायचा मोलाचा वेळही जातो. गर्दीला हे ठामपणे पण शांतपणे थांबवता यावं, यासाठी दोन ठरलेली वाक्यं तयार ठेवा. 'मामा, आधी श्वास द्यायचाय, जागा द्या' एवढं पुरतं.

त्याला जोडून आपत्कालीन ऑक्सिजनचा छोटा कोर्स करा. सहसा एक दिवस लागतो. पिशवी असलेल्या मास्कमधून मिनिटाला १५ लिटर द्यायचे तर १५०० लिटरचा सिलिंडर १०० मिनिटं पुरतो. हा हिशेब रुग्णवाहिका गावात पोहोचेपर्यंतच्या वेळेशी जुळवून बघा.

४. दुसरं प्रशिक्षण: वाहतं पाणी

हा कोर्स डायव्हिंगचा नाही, तरी आमच्या मते कोल्हापूरच्या स्वयंसेवकासाठी सगळ्यांत गरजेचा आहे. इंग्रजी नावात 'स्विफ्टवॉटर रेस्क्यू' किंवा 'व्हाइटवॉटर रेस्क्यू' असं असतं. पायऱ्या तीन: अवेअरनेस, ऑपरेशन्स आणि टेक्निशियन. वर्गात बसून होणारा एक दिवसाचा कोर्स पहिल्या पायरीचा, म्हणजे पाण्यापासून लांब का राहायचं ते सांगणारा. तुम्हाला किमान दुसरी पायरी हवी, तीही खऱ्या वाहत्या पाण्यात. ऋषिकेश भागात राफ्टिंगच्या हंगामात असे कोर्स होतात. जवळपास सराव करायचा तर कोलाडची कुंडलिका आणि दांडेलीची काळी या धरणातून सोडलेल्या पाण्यावर वाहणाऱ्या नद्या आहेत. पाण्याची वेळ ठरलेली असल्याने सरावाला त्या सोयीच्या.

कोर्समध्ये हे शिकवतात का ते आधी विचारा:

- पाठीवर, पाय पुढे ठेवून वाहत जाणं आणि नेमक्या क्षणी पालथं होऊन धारेला तिरकं पोहत काठ गाठणं.
- झाडाझुडपांचा अडसर समोर आला तर पाय पुढे न ठेवता डोक्याच्या बाजूने त्याच्यावर चढून जाणं.
- थ्रो बॅग: १५ ते २५ मीटर तरंगणारी दोरी भरलेली पिशवी. पहिली फेक चुकली तर दोरी गोळा करून अर्ध्या मिनिटात दुसरी.
- गुडघ्यापेक्षा खोल धारेत उभं न राहणं. दगडाच्या फटीत पाय अडकला की धार माणसाला पुढे लोटून डोकं पाण्याखाली नेते.
- बंधाऱ्याखालचं पाणी वाचणं: परतणारी धार कुठे संपते, उकळी कुठे फुटते, बोट कुठवर न्यायची आणि कुठे थांबवायची.

शेवटचा मुद्दा नसेल तर तो कोर्स आपल्या जिल्ह्यासाठी अपुरा आहे. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना बोट उलटली आणि एसडीआरएफचे, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे, तीन जवान गेले. ते प्रशिक्षित होते, त्यांच्याकडे बोट आणि साहित्य होतं. नव्या स्वयंसेवकाने यावरून अंदाज घ्यावा.

दोरीबद्दल एक नियम पाठ करा. वाहत्या पाण्यात अंगाला दोरी बांधायची नाही. गावात कमरेला कासरा बांधून पट्टीच्या पोहणाऱ्याला धारेत सोडतात. दोरी ताणली की धार त्याला पाण्याखाली दाबून धरते, आणि काठावरचे जितकं ओढतील तितका तो खाली जातो. दोरी लावायचीच असेल तर बचावकार्यासाठी बनवलेल्या लाइफ जॅकेटच्या मागच्या कडीला, जिचा पट्टा समोरचा गोळा खेचला की एका झटक्यात सुटतो. पट्टा सोडण्याचा सराव ताणाखाली, पाण्यात झालेला असला पाहिजे.

धारेचा वेग मोजणं सोपं आहे. काठावर १० मीटर अंतर मोजा, वरच्या टोकाला काटकी टाका, वेळ घ्या. २० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर वेग सेकंदाला अर्ध्या मीटरहून, म्हणजे सुमारे एक नॉटहून जास्त आहे. तिथे दोरीवरच्या डायव्हरला पाण्याखाली पाठवू नका. वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो, त्यामुळे 'थोडीच जास्त धार आहे' हे म्हणणं फसवं असतं. भोगावतीवर काम असेल तर राधानगरीच्या विसर्गाची खबर घेऊनच सुरुवात करा. तिथले स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी येतं.

५. तिसरं प्रशिक्षण: दोरीवरचा शोध

साठलेल्या किंवा अगदी संथ पाण्यात, डायव्हरला दोरी लावून तळ चाचपडण्याच्या या कामाला 'पब्लिक सेफ्टी डायव्हिंग' म्हणतात. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा त्याच नावाचा स्पेशालिटी कोर्स आहे. ईआरडीआय ही संस्था तर याच कामासाठी पायरीपायरीने कोर्स चालवते. तिच्याकडे फक्त दोरी धरणाऱ्यासाठीही वेगळा कोर्स आहे. आधी दोरी धरायचा कोर्स करा, मग उतरायचा. काठावर उभा असलेला माणूसच डायव्हरचे डोळे, घड्याळ आणि हवेचा मीटर असतो. दोरी हातात घेऊन जो कधी उभा राहिला नाही त्याला पाण्याखालून आलेला खेच समजत नाही आणि नीट देताही येत नाही.

सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत अर्धवर्तुळाची. दोरी धरणारा काठावर एका जागी उभा राहतो. डायव्हर दोरी ताणलेली ठेवून तळाशी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हात फिरवत जातो. टोकाला पोहोचला की दोन खेच येतात, दोरी साधारण एका हाताच्या पोचाएवढी सुटते आणि डायव्हर उलट फिरतो. दोरी जास्त सुटली तर दोन फेऱ्यांमध्ये न तपासलेला पट्टा राहतो, आणि ज्याला शोधतोय तो माणूस नेमका त्यात असतो. दोरी सैल पडली तर वर्तुळ वाकडं होतं आणि काठावरचा नकाशा खोटा ठरतो.

खेचांची एक प्रचलित पद्धत अशी. काठावरून: एक म्हणजे 'ठीक आहेस का', दोन म्हणजे 'थांब, दोरी घे, दिशा बदल', तीन म्हणजे 'वर ये', चार म्हणजे 'हलू नकोस, धोका'. डायव्हरकडून: एक 'ठीक आहे', दोन 'दोरी सोडा', तीन 'सापडलं', चार 'मदत पाठवा'. पथकागणिक फरक असतो, म्हणून दुसऱ्या पथकाबरोबर काम करताना उतरण्याआधी खेच म्हणून दाखवा आणि म्हणवून घ्या.

गढूळ पाण्यात डायव्हरला स्वतःचा मीटर दिसत नाही, म्हणून हवेचा हिशेब काठावर होतो. १२ लिटरचा सिलिंडर २०० बार भरला की २४०० लिटर हवा. मेहनतीच्या कामात मिनिटाला २५ लिटर धरा. ५ मीटरवर पाण्याच्या दाबामुळे दीडपट, म्हणजे ३७.५ लिटर. एक तृतीयांश राखीव ठेवून उरलेले १६०० लिटर सुमारे ४२ मिनिटं पुरतील. तरी २० मिनिटांनी डायव्हर बाहेर काढायचा. हाताने चाचपडताना लक्ष तेवढाच वेळ टिकतं, आणि अडकलाच तर सुटायला हवा उरते.

अडकण्याचा सराव या प्रशिक्षणाचा गाभा आहे. आपल्या नद्यांत सोडून दिलेलं तंगूसाचं जाळं फार. सुरीने ते सहजी कापलं जात नाही, बोटाभोवती फिरत राहतं. जाड धारेची ट्रॉमा कात्री झटकन कापते. कापण्याची किमान दोन साधनं, दोन्ही हातांना पोहोचतील अशी छातीच्या पट्ट्यावर लावा. पोटरीला बांधलेली सुरी पाय गुंडाळले की हाताला लागतच नाही. सोबत ३ लिटरचा वेगळा राखीव सिलिंडर आणि त्याचा स्वतंत्र रेग्युलेटर. सराव आधी तलावात, मास्कला आतून काळा कागद लावून, आणि शेजारी उघड्या मास्कचा सुरक्षा डायव्हर ठेवूनच.

चांगला प्रशिक्षक पाण्याबाहेरच्या दोन गोष्टीही शिकवतो. एक, शेवटची दिसलेली जागा पक्की करणं. साक्षीदाराला तो जिथून बघत होता तिथेच पुन्हा उभं करा, हाताने दिशा दाखवायला लावा, पलीकडची खूण लिहा. दुसऱ्या साक्षीदाराला वेगळा घेऊन तेच करा. दोन रेषा जिथे छेदतात तिथून सुरुवात. साठलेल्या पाण्यात माणूस बहुधा बुडाल्या जागेच्या जवळच तळाला असतो, त्यामुळे हा अर्धा तास पुढचा सगळा दिवस वाचवतो.

दुसरी गोष्ट पंचनाम्याची. मृतदेह सापडल्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पोलिसांची चौकशी होते. जागा, खोली, वेळ, देह कसा होता, कपडे, अंगावरच्या वस्तू हे सगळं लिहा. काहीही काढू किंवा नीटनेटकं करू नका. शक्य असेल तिथे देह पाण्याखालीच जाळीदार पिशवीत घ्या, म्हणजे पुरावा टिकतो आणि घरच्यांच्या आणि गर्दीच्या नजरेसमोर देहाची विटंबनाही होत नाही. फोटो पोलिसांशिवाय कोणाला जाऊ नये.

बचाव कुठे संपतो हेही याच कोर्समध्ये पक्कं होतं. आपल्याकडच्या कोमट पाण्यात तास उलटला की वाचण्याची आशा जवळजवळ संपते. त्यानंतरचं काम देह मिळवण्याचं. ते सकाळी करता येतं, पाणी उतरल्यावर करता येतं. नातेवाईकांच्या आग्रहाने संध्याकाळी धारेत उतरायचं नाही. हे त्यांना सांगायचं काम पथकप्रमुखाचं, उतरणाऱ्या डायव्हरचं नाही.

६. बोट

महापुरात याचीच मागणी सर्वांत जास्त असते. गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट चालवण्याचं आणि जीवरक्षणाचं प्रशिक्षण मिळतं. निवडताना रबरी बोट आणि आउटबोर्ड इंजिन यांवर हात बसतो का ते बघा. किल कॉर्ड (चालक पडला की इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला किंवा जॅकेटला लावल्याशिवाय इंजिन सुरू न करण्याची सवय तिथेच लागते. टू-स्ट्रोक इंजिनाला ५० ला १ मिश्रण असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर तेल. पुरात शिरोळ भागात उसाच्या शेतावरून बोट नेताना शेंडे आणि ठिबकच्या नळ्या पंख्यात गुंततात, म्हणून वल्ही आणि कोयता बोटीत हवेतच. पाणी चढलं की विजेच्या तारा डोक्याजवळ येतात. वीज बंद असल्याची खातरी होईपर्यंत त्या रस्त्याने जायचं नाही. आणि माणसं मोजून घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती.

७. घाण पाणी: फुल फेस मास्क आणि ड्रायसूट

पंचगंगेत सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी मिसळतं. महापुरात मेलेली जनावरं, डिझेल, शेतातली औषधं त्यात येतात. वेटसूट हे पाणी अंगाशी धरून ठेवतो, अडवत नाही. फुल फेस मास्कने तोंड, नाक, डोळे वाचतात आणि बोलण्याची सोयही करता येते. पाणी आत न शिरू देणाऱ्या गुळगुळीत रबरी ड्रायसूटने बाकीचं अंग. दोन्हींचे वेगळे कोर्स आहेत आणि साहित्य महाग आहे, म्हणून ते पथकाने घ्यायचं ठरवल्यावरच करा. साहित्याशिवाय केलेला कोर्स सहा महिन्यांत विसरतो.

तोवर करण्यासारखं बरंच आहे. धनुर्वात, हिपॅटायटिस अ आणि ब, विषमज्वर यांच्या लसी पूर्ण करा. हिपॅटायटिस ब चे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, म्हणजे जूनसाठी डिसेंबरात सुरुवात. लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. जखम असेल तर पाण्यात उतरू नका. बाहेर आल्यावर आधी सूटसकट स्वच्छ पाण्याने धुवायचं, मग मास्क काढायचा. नंतर ताप आला तर 'पुराच्या पाण्यात होतो' हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

८. समुद्रातले कोर्स, आणि घाट चढण्याआधी

ॲडव्हान्स्ड, सर्च अँड रिकव्हरी, नाइट हे कोर्स पाण्यातला सराव वाढवतात, जरूर करा. कोल्हापूरहून सोयीचं ठिकाण तारकर्ली. एमटीडीसीचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र तिथेच आहे. पावसाळ्यात समुद्र बंद.

एक गोष्ट मात्र फारसं कोणी सांगत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, आणि आंबोलीचा घाटमाथा सुमारे ६९० मीटरवर. डाइव्ह करून त्याच दुपारी गाडीने घाट चढणं म्हणजे कमी दाबात जाणं, आणि त्यामुळे डीकंप्रेशन आजाराचा (अंगात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होण्याचा) धोका वाढतो. विमानासाठी सांगतात तीच विश्रांती इथे धरा: एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, लागोपाठच्या डाइव्हनंतर १८. शेवटचा डाइव्ह सकाळी, मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. उलट बाजूने, ३०० मीटरच्या वर डायव्हिंग करणं 'अल्टिट्यूड' समजलं जातं, म्हणून राधानगरी किंवा कळंब्यात उतरताना डाइव्ह कॉम्प्युटर त्याप्रमाणे लावा. गोड्या पाण्यात तरंगणं कमी असतं. समुद्रात लागणाऱ्या वजनातून साधारण २ ते ३ किलो कमी करून काठाजवळ तपासून घ्या.

९. प्रशिक्षकाला विचारायचे प्रश्न

नुसतं 'कोर्स केवढ्याला' विचारू नका. विचारा: शून्य दृश्यमानतेत तुम्ही स्वतः काम केलंय का? एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती विद्यार्थी? अडकण्याचा सराव किती वेळा? नापास करता का? या शेवटच्या प्रश्नावर जो हसतो त्याच्याकडे जाऊ नका. फीमध्ये साहित्य, सिलिंडर भरणं, पुस्तक आणि प्रमाणपत्राची नोंदणी धरली आहे का ते लिहून घ्या. कार्डाचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो, प्रशिक्षकाचाही. 'दोन दिवसांत रेस्क्यू कमांडो' अशा जाहिरातींतून कपडे आणि बिल्ले मिळतात.

जीवरक्षकाच्या पायाभूत प्रमाणपत्रासाठी राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटीचं मुख्यालय पुण्यात आहे. पोहण्यातला बचाव कच्चा असेल तर आधी तिथून सुरुवात करा.

१०. कागदपत्रं आणि सामान

एका पाण्यात न भिजणाऱ्या पाकिटात ठेवा: सगळ्या कार्डांच्या प्रती, डाइव्ह लॉगबुक, प्रथमोपचार प्रमाणपत्र आणि त्याची मुदत, डायव्हिंगचा वैद्यकीय अर्ज डॉक्टरांच्या सहीसह, लसींची नोंद, आधार, रक्तगट, घरच्यांचा संपर्क, पथकाचं ओळखपत्र. वैद्यकीय तपासणी दरवर्षी करा. दमा, फिट, कानाचा पडदा, रक्तदाब यांतलं काही लपवू नका. विमा घेताना 'स्वयंसेवी बचावकार्य आणि स्कुबा यांना संरक्षण आहे का' याचं उत्तर लेखी मागा.

सामान स्वतःचं घ्यायचं तर या क्रमाने: शिट्टी आणि बचावाचं लाइफ जॅकेट, छिद्रांचं पाण्यातलं हेल्मेट, थ्रो बॅग, दोन कात्र्या, जाड तळाचे बूट, हातमोजे, स्वतःचा मास्क. रेग्युलेटर आणि बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट) सगळ्यात शेवटी. ते पथकाचे वापरता येतात.

११. वर्षाची आखणी

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वैद्यकीय तपासणी, प्रथमोपचार आणि ऑक्सिजन. डिसेंबर ते फेब्रुवारी दोरी धरणं, तलावातला काळ्या मास्कचा सराव, तारकर्लीचे डाइव्ह. मार्च-एप्रिलमध्ये वाहत्या पाण्याचा कोर्स. मे महिन्यात बोट, आणि बंधाऱ्यांवरून पायी फेरी: कोणते बरगे काढले, कुठे झाड अडकलंय, काठावर गाडी कुठवर जाते, बोट कुठून उतरते ते लिहून ठेवा. १ जूनला दोऱ्या, जॅकेटचे पट्टे, सिलिंडरच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या तपासणीची) तारीख तपासा.

पहिल्या पावसाळ्यात पाण्याखाली उतरू नका. काठावर दोरी धरा, नोंदी ठेवा, बोटीत मदतनीस म्हणून बसा. विसर्जनाच्या दिवशी खणीच्या काठावर थ्रो बॅग घेऊन पूर्ण पाळी करा. प्रत्येक सरावानंतर वहीत चार रकाने भरा: तारीख आणि ठिकाण, धार आणि दृश्यमानता, काय केलं, काय जमलं नाही. खाली पथकप्रमुखाची सही घ्या. ऑक्टोबरमध्ये 'काय जमलं नाही' हा रकाना त्यांच्याबरोबर बसून वाचा आणि त्यावरून पुढच्या वर्षीचा कोर्स ठरवा.